शादलुई ज्याचा, करंडक त्याचा?

वर्ध्यात कबड्डीचा विषय निघाला की बजाज चौकातल्या चहाच्या टपरीवर एक निकाल ठरलेला असतो. आमच्या ओळखीचे एक बापू, तरुणपणी स्वतः मातीत गुडघे फोडून घेतलेले, तो निकाल दर हिवाळ्यात ऐकवतात. ‘पैसा फेका, शादलुई घ्या, कप आणा. त्यात मालकाले डोकं कायले लागते?’

हा नुसता टपरीवरचा समज नाही. वर्तमानपत्रांचे रकानेही प्रो कबड्डीच्या लिलावानंतर सर्वांत मोठ्या बोलीभोवतीच फिरतात. आणि पूर्वपक्ष दुबळा मुळीच नाही. दहाव्या पर्वासाठी पुणेरी पलटणने इराणच्या मोहम्मदरेझा शादलुईवर २ कोटी ३५ लाख लावले आणि १ मार्च २०२४ ला हैदराबादेत हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असे हरवून पहिले विजेतेपद मिळवले. पुढच्या लिलावात हरियाणाने त्याला २ कोटी ७ लाखांना घेतले. २९ डिसेंबर २०२४ ला, पुण्यातच, हरियाणा विजेता. खेळाडू एक, संघ दोन, करंडक दोन. याहून स्वच्छ पुरावा कुठला हवा?

पण आपल्याकडे कारण सिद्ध करायला अन्वय आणि व्यतिरेक अशा दोन्ही कसोट्या लागतात. कारण असेल तिथे कार्य दिसले पाहिजे. कारण नसेल तिथे कार्यही नसले पाहिजे. आधी अन्वय पाहू. नवव्या पर्वात शादलुई पाटण्याकडे होता. पाटणा बाद फेरीतही पोचला नाही. बाराव्यात गुजरातने त्याला २ कोटी २३ लाखांना नेले. गुजरातही बाद फेरीच्या बाहेरच. व्यतिरेक तर त्याहून बोलका आहे. शादलुई येण्याआधीच्या पर्वात पुणे कुठे होते? अंतिम फेरीत. १७ डिसेंबर २०२२ ला मुंबईत जयपूरकडून २९-३३ असे हरलेले. आणि हरियाणा? तेही शादलुई येण्याआधीच्या पर्वात अंतिम फेरीत होते, वर सांगितलेल्याच सामन्यात पुण्याकडून हरलेले. म्हणजे दोन्ही वेळा गडी आला तो उंबरठ्यावर पोचलेल्या घरात. कळस त्याने चढवला, हे मान्यच. दहाव्या पर्वात त्याचे पकडींचे ९९ गुण सर्वांत जास्त होते. पण पाया आधीच भरलेला होता, आणि तो कोणी, कसा, किती पैशांत भरला हे कोणी विचारत नाही.

इथे थोडे गणित करावे लागेल. दहाव्या पर्वात प्रत्येक मालकाच्या हातात खेळाडूंसाठी ५ कोटी होते, त्यावर एक पैसा नाही. संघात किमान १८ जण. त्याच लिलावात तेलुगु टायटन्सने पवन सेहरावतवर २ कोटी ६० लाख ५० हजार लावले. किमान १८ चा संघ धरला, तर टायटन्सकडे उरलेल्या सतरांसाठी माणशी सरासरी १४ लाख राहतात. पुण्याकडे, शादलुईचे पैसे वजा जाता, साडेपंधरा. माणशी फरक दीड लाखाचा. आणि निकाल? पुणे विजेते; टायटन्स बावीस सामन्यांत दोन विजय मिळवून तळाशी. दोघांनीही मोठा मासा धरला होता, दोघांचीही थैली सारखीच रिकामी झाली होती. मग फरक मोठ्या बोलीत नाही, त्या साडेपंधरा लाखांत काय आले यात शोधावा लागतो.

त्यात आला होता अस्लम इनामदार. नगर जिल्ह्यातला हा पोरगा आठव्या पर्वात, अगदी नवखा असताना, पलटणकडे आला. मोहित गोयतही तेव्हाचाच. नवव्या पर्वात पुण्याने १ कोटी ३८ लाख मोजून फझल अत्राचलीला आणले, कर्णधार केले, अंतिम फेरी गाठली आणि सोडून दिले. कर्णधारपद अस्लमकडे गेले. त्या काळी याला कृतघ्नपणा म्हणणारे पुष्कळ होते. मला तो हिशेब वाटतो. फझलपाठी अडकलेली रक्कम मोकळी झाली, घरची पोरे वर्षभराने मोठी झालेली, आणि त्यांचा दर अजून बाजाराने ठरवलेला नव्हता. अस्लम दहाव्या पर्वाचा सर्वांत मौल्यवान खेळाडू ठरला. अंतिम सामन्यात एकाच चढाईत चार गुण आणून पारडे फिरवले ते पंकज मोहितेने, शादलुईने नव्हे.

आर्वी, आष्टी, कारंजाकडच्या संत्रा उत्पादकाला हे समजावून सांगायला नको. बहार झाडावर असताना बाग घेणारा व्यापारी वेगळा, आणि कलम लावून पाच-सहा वर्षे पाणी घालत बसणारा वेगळा. व्यापाऱ्याला तोटा झाला तर तो पुढच्या साली दुसरी बाग बघतो. बागवाल्याला मात्र कुठले झाड खोडून काढायचे आणि कुठले राखायचे हे फळ दिसायच्या आत ठरवावे लागते.

यावर एक खरा आक्षेप उरतो. दरवर्षी लिलाव होणार, घडवलेला खेळाडू महाग होऊन दुसऱ्याकडे जाणार, मग लांबचा विचार करून उपयोग काय? सिद्धार्थ देसाईचे उदाहरण यासाठी नेहमी देतात. चंदगड तालुक्यातल्या या चढाईपटूला यू मुंबाने सहाव्या पर्वात ३६ लाख ४० हजारांना घेतले. पुढच्याच वर्षी तेलुगुने १ कोटी ४५ लाख दिले. पण नियम इतके आंधळे नाहीत. तरुणांशी लिलावाबाहेर करार करता येतो, त्यांना राखता येते, आणि करार संपलेल्या खेळाडूवर लागलेल्या शेवटच्या बोलीइतकेच पैसे देऊन त्याला परत ठेवता येते. अमेरिकेच्या एनबीएने १९८४-८५ मध्ये पगारावर ३६ लाख डॉलरची मर्यादा घातली, तेव्हाही आपल्याच खेळाडूला राखण्यासाठी ती ओलांडायची मुभा ठेवलीच होती. बास्केटबॉलवाले तिला बोस्टनच्या लॅरी बर्डच्या नावाने ओळखतात. मर्यादा आली की नियोजन संपते हा समज तिथेही टिकला नाही. उलट, पैसा अमर्याद असता तर चुकीची बोली दुसऱ्या बोलीने झाकता आली असती.

जोखीम अर्थातच जात नाही. अकराव्या पर्वात अस्लमचा गुडघा गेला आणि पुणे बाद फेरीला मुकले. बापूंनी तेव्हा मला आठवडाभर सुखाने चहा पिऊ दिला नाही. मी पवनचे नवव्या पर्वातले उदाहरण काढले: २ कोटी २६ लाखांचा हा गडी पहिल्याच सामन्याच्या सुरुवातीला जायबंदी झाला, पर्वातून बाहेर गेला, आणि तमिळ थलैवाज तरीही प्रथमच उपांत्य फेरीत पोचले. बापू म्हणाले, ‘ते नशीब.’ पोरांनी मारलेले सामने नशिबात आणि शादलुईचे हिशेबात, असा हा खतावणीचा प्रकार.

बाराव्या पर्वात पुणे शादलुईशिवाय गुणतक्त्यात पहिले आले आणि ३१ ऑक्टोबर २०२५ ला दिल्लीत अंतिम सामना खेळले. दबंग दिल्लीने तो ३१-२८ असा जिंकला. मी टपरीवर जरा उशिराच गेलो. बापूंनी कप पुढे सरकवला आणि एवढेच विचारले, दिल्लीच्या डाव्या कोपऱ्यात कोण उभा होता. तो फझल अत्राचली होता.