खारेपाटातल्या भातापासून जनुकांच्या जाळ्यापर्यंत

कोकणातले न्हावा-शेव्याचे बंदर १९८९ साली सुरू झाले. त्याआधी या किनाऱ्याची ओळख होती ती मिठागरांची, मासेमारीची आणि खारेपाटातल्या, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल जमिनीतल्या, भातशेतीची. बांधाला खांड पडून उधाणाचे पाणी आत शिरले की शेत खारावते. अशा जमिनींसाठीच पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राने पनवेल-१, पनवेल-२ आणि पनवेल-३ ही मीठ सोसणारी वाणे दिली.

हा सोशिकपणा नेमका कुठल्या जनुकांत आहे, ते पूर्वी थेट पाहता येत नसे. संततीत कोणते गुण एकत्र उतरतात यावरून अंदाज बांधावा लागे. गोव्यात जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवत असताना, १९४४ साली, त्यांनी या अंदाजाचे एक सूत्र मांडले. समजा, दोन जनुकांची २० टक्के संततीत फारकत होते. शास्त्रज्ञ हॉल्डेन यांच्या १९१९ च्या सूत्राने त्यांच्यातले अंतर २५.५ सेंटीमॉर्गन (जनुकनकाशावरच्या अंतराचे एकक) येते, कोसंबींच्या सूत्राने २१.२. गुणसूत्रांची एका ठिकाणी अदलाबदल झाली की शेजारी दुसरी होणे अवघड होते, ही गोष्ट कोसंबींनी हिशेबात धरली. भातासह अनेक पिकांच्या जनुकनकाशांत त्यांचे सूत्र आजही वापरले जाते.

नकाशाची खरी परीक्षा पुढे झाली. २००५ साली बंगालच्या ‘नोना बोक्रा’ या भातातला, सोडियमला आवर घालणारा जनुकच चिनी शास्त्रज्ञांनी वेगळा काढून दाखवला.

पण एक जनुक सापडला म्हणजे सगळे उलगडले असे नाही. कोणता जनुक कोणाला चालू करतो आणि कोणाला थोपवतो, याचे मोठे जाळे पेशीत असते. ते जाळे संगणकाने ओळखले, तर त्यावर विश्वास किती ठेवायचा? ‘ड्रीम’ या आंतरराष्ट्रीय उपक्रमाने त्यासाठी खुल्या स्पर्धांची प्रथा पाडली: माहिती सर्वांना एकच, उत्तरपत्रिका मात्र झाकलेली. पाचव्या फेरीचा निकाल २०१२ साली प्रसिद्ध झाला. तीसहून अधिक पद्धती तपासल्या गेल्या. संगणकात रचलेल्या जाळ्यावर त्या बऱ्या ठरल्या, ई. कोलाय जिवाणूवर मध्यम आणि यीस्टवर फारच कच्च्या. कोणतीही एक पद्धत सगळीकडे सरस ठरली नाही. सर्वांची उत्तरे एकत्र केल्यावर मात्र निकाल भरवशाचा झाला. त्या एकत्रित उत्तरातले ई. कोलायमधले ५३ नवे संबंध प्रयोगशाळेत तपासले, तेव्हा २३ खरे निघाले.

२०२० मध्ये संगणकशास्त्रज्ञ टी. एम. मुरली यांच्या गटाने ‘बीलाइन’ या चाचणीत एकेकट्या पेशींच्या माहितीवर बारा अल्गोरिदम पारखले. तिथेही अचूकता मध्यमच आढळली.

तेव्हा अल्गोरिदमने काढलेले जाळे हा निष्कर्ष मानू नये. ती प्रयोगासाठी केलेली शिफारस आहे. कोकणातल्या खाऱ्या भाताचे असे जाळे कोणी मांडले, तर त्याची पारख खारेपाटाच्या शेतात आणि प्रयोगशाळेत, दोन्हीकडे व्हावी आणि तिचे आकडे सर्वांसाठी खुले असावेत.