सेलमच्या पाळकाची रोजनिशी : विल्यम बेंटली (१७५९–१८१९)

‘उदार धर्म’ ही संज्ञा महाराष्ट्रातील अभ्यासकाला अपरिचित नाही. प्रार्थनासमाजाची स्थापना १८६७ साली झाली. त्याच परंपरेतील विठ्ठल रामजी शिंदे हे १९०१ ते १९०३ या काळात युनिटेरियन मंडळींच्या साहाय्याने ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात धर्माचा तौलनिक अभ्यास करून आले. परंतु ज्या युनिटेरियन पंथाशी आपला असा संबंध आला, त्याचा इतिहास आपण बहुधा उपदेश, व्याख्याने आणि वादग्रंथ यांवरूनच समजून घेतो. त्रैक्याचा सिद्धान्त कोणी केव्हा नाकारला, याच्या तारखा आपल्याला ठाऊक असतात. तो नाकारणारा मनुष्य सोमवारी सकाळी काय करीत होता, हे मात्र आपण विचारीत नाही. या प्रश्नाचे उत्तर देणारे एक विस्तृत साधन उपलब्ध आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात सेलम नावाचे बंदर आहे. तेथील पूर्व मंडळीचा पाळक विल्यम बेंटली याने १७८४ पासून १८१९ मध्ये मृत्यू येईपर्यंत लिहिलेली रोजनिशी हे ते साधन होय. बेंटलीचा उदारमतवाद त्याच्या मतांपेक्षा त्याच्या नित्याच्या नोंदींत अधिक दिसतो आणि त्याच्या मर्यादाही तेथेच उघड होतात, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

बेंटलीचा जन्म १७५९ साली बॉस्टन येथे झाला. हार्वर्डमधून तो १७७७ साली पदवीधर झाला, काही काळ त्याने तेथेच लॅटिन आणि ग्रीक शिकविले आणि १७८३ साली तो सेलमच्या पूर्व मंडळीत रुजू झाला. तेथील वृद्ध पाळक जेम्स डायमन हा जुन्या कॅल्व्हिनपंथी वळणाचा होता, त्यामुळे १७८८ साली डायमन वारेपर्यंत दोघांचे फारसे जमले नाही. बेंटली आजन्म अविवाहित राहिला. १७९१ पासून अखेरपर्यंत तो क्राउनिन्शील्ड घराण्यातील एका विधवेच्या घरी राहत होता. १७९० च्या शिरगणतीत सेलमची वस्ती आठ हजारांच्या आतच होती. पण या लहानशा गावाची जहाजे मुंबई, मद्रास, कलकत्ता, सुमात्रा आणि कँटन येथवर जात. पाळकाच्या खोलीवर जगाचा वारा येत होता, तो या जहाजांमुळे.

रोजनिशीतील रविवारच्या नोंदी प्रथम पाहाव्यात. त्या काळी न्यू इंग्लंडमध्ये उपासनेच्या वेळी मंडळीतील लोक पाळकाकडे चिठ्ठ्या देत आणि पाळक त्या वाचून प्रार्थना करी. बेंटली या चिठ्ठ्या नियमाने टिपून ठेवी : अमुक बाईचा पती समुद्रावर आहे, अमुक कुटुंबाला भावाच्या मृत्यूची वार्ता आली आहे, अमुक बाई सुखरूप बाळंत झाली आहे. उपदेशातील युक्तिवादाविषयी तो पुष्कळदा एक ओळही लिहीत नाही. चिठ्ठ्यांची यादी मात्र चुकत नाही. आशियाच्या व्यापारात सेलमने मिळविलेल्या संपत्तीची आपण ग्रंथांतून वर्णने वाचतो. त्या संपत्तीची दुसरी बाजू या याद्यांतून दिसते, कारण त्यांत विधवा आणि पोरकी मुले पुनःपुन्हा येतात. सामाजिक इतिहासाच्या विद्यार्थ्याने केवळ या चिठ्ठ्यांसाठी रोजनिशी वाचली तरी श्रम वाया जाणार नाहीत. बेंटलीच्या धर्मभावनेचे मर्मही मला येथेच दिसते. जो धर्म मनुष्याच्या पतित स्वभावावर भर देत नाही, त्याला मनुष्याच्या प्रत्यक्ष जीवनाकडे लक्ष द्यावेच लागते; बेंटलीने ते दिले.

संगीताविषयीची त्याची आस्था याच वृत्तीतून आली होती. प्यूरिटन परंपरेत उपासनेत वाद्यांना स्थान नव्हते. अनेक मंडळ्यांत स्तोत्राची एकेक ओळ आधी मोठ्याने वाचायची आणि मग सर्वांनी ती गायची, अशी पद्धत होती. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ती मागे पडू लागली, गायनशाळा निघाल्या आणि बास व्हायोल, म्हणजे व्हायोलिनच्या जातीचे मोठे खर्जातील वाद्य, प्रार्थनागृहांत शिरले. बेंटली या बदलाच्या बाजूचा होता. १७८९ च्या सुमारास त्याने आपल्या मंडळीसाठी स्तोत्रांचा संग्रह सिद्ध केला. मतप्रसाराचे साधन म्हणून या संग्रहाचे महत्त्व उघड आहे. लोक जे गातात ते त्यांच्या मनात रुजते, हे त्याला कळत होते. पण तेवढ्यावर थांबणे अपुरे होईल. गावातील गायनवर्ग, गाणाऱ्यांतील रुसवेफुगवे, कोठे कोणते वाद्य वाजले, या गोष्टी तो उपदेशाइतक्याच गांभीर्याने लिहितो.

इतिहासकार म्हणून त्याचे मुद्रित कार्य अल्प आहे. सेलमचे वर्णन आणि इतिहास हा त्याचा निबंध मॅसॅच्युसेट्स इतिहास मंडळाच्या संकलनाच्या सहाव्या खंडात १८०० साली छापला गेला. ज्या गावात १६९२ साली चेटुकाच्या आरोपावरून एकोणीस जणांना फाशी झाली आणि जाइल्स कोरी याला दगडांखाली चिरडून मारण्यात आले, त्या गावाच्या पाळकाला या प्रकरणाला सामोरे जाणे भागच होते. बेंटलीने ते टाळले नाही. तथापि तो रचनाकारापेक्षा संग्राहक अधिक होता. जुनी चित्रे, थडग्यांवरचे लेख, वंशावळी, वृद्धांच्या आठवणी, जे हाती लागेल ते तो जमवी. हँबर्गचा विद्वान क्रिस्टॉफ डॅनिएल एबेलिंग याच्याशी त्याचा ग्रंथांचा आणि वृत्तपत्रांचा विनिमय १७९५ पासून चालू होता. अमेरिकेचा भूगोल लिहिणारा हा एबेलिंग बर्नीच्या संगीतविषयक प्रवासवर्णनाचा जर्मन अनुवादकही होता, हे येथे सहज नोंदवावेसे वाटते. त्या काळी अमेरिकेत जर्मन ग्रंथांचा एवढा संग्रह करणारे लोक फार थोडे होते.

निसर्ग आणि इतिहास हे बेंटलीच्या दृष्टीने दोन विषय नव्हते. १७९६ साली तो गव्हर्नर एंडिकॉट याच्या जुन्या मळ्यावर गेला. तेथे पूर्वीच्या बागेतील एकच नासपतीचे झाड उरले होते आणि ते १६३० साली लावले असल्याची परंपरा होती. जमिनीतून तीन खोडे निघाली आहेत, बुंधा पोखरला आहे, तरी बऱ्याच भागावर साल शाबूत आहे, असे निरीक्षण त्याने लिहून ठेवले. पुढे त्याने या झाडाची फळे माजी राष्ट्राध्यक्ष जॉन ॲडम्स याच्याकडे पाठविली. राजकारणात बेंटली जेफर्सनच्या पक्षाचा आणि ॲडम्स दुसऱ्या. नासपतीला त्याची अडचण झाली नाही. डॅन्व्हर्स येथे ते झाड अद्याप उभे आहे. १९६४ साली काही दांडग्यांनी ते पार छाटून टाकले होते, तरी त्याला पुन्हा फुटवे आले.

आता हिंदुस्थानशी संबंध असलेल्या दोन नोंदी शेजारी ठेवून पाहू. १७९६ साली जेकब क्राउनिन्शील्ड याने बंगालमधून एक हत्ती अमेरिकेत नेला. ३० ऑगस्ट १७९७ रोजी तो सेलममध्ये आला तेव्हा बेंटली पाहावयास गेला. हत्तीची उंची सहा फूट चार इंच, कातडे तेल लावल्यासारखे काळे. तो प्रेक्षकांच्या खिशांतून पाव काढून घेतो, पोर्टर मद्याच्या बाटलीचे बूच स्वतः काढतो. हत्तीला रूढीप्रमाणे पुल्लिंगी संबोधून झाल्यावर ती मादी असल्याचेही बेंटली लगेच नमूद करतो. निरीक्षण इतके चोख आहे. यापूर्वी डिसेंबर १७९० मध्ये त्याने प्रथमच एक हिंदी मनुष्य पाहिला होता. कॅप्टन गिबॉ याच्याबरोबर आलेला हा मद्रासचा गृहस्थ युरोपातही जाऊन आला होता. बेंटली त्याचा वर्ण, केस, उंची आणि बांधा लिहितो. बुद्धी अजमावण्याची संधी मिळाली नाही, पण चेहऱ्यावर काही विशेष दिसले नाही, असा शेराही मारतो. त्या माणसाचे नाव नोंदीत नाही.

आशियातील भाषांचा आणि हस्तलिखितांचा ध्यास घेतलेल्या पंडिताने आशियातील मनुष्य समोर असता त्याला काही विचारल्याचे दिसत नाही, ही गोष्ट दुर्लक्षिण्याजोगी नाही. जी दृष्टी हत्ती मोजते तीच माणूस मोजते. उलट पक्षी, मुंबईचे पारशी व्यापारी नसरवानजी माणेकजी यांचे चित्र १८०३ साली सेलमच्या ईस्ट इंडिया मरीन सोसायटीच्या संग्रहात आले, ते नावासह. केप ऑफ गुड होप किंवा केप हॉर्न ओलांडलेल्या कप्तानांची आणि मालावरच्या अधिकाऱ्यांची ही संस्था १७९९ साली निघाली होती. व्यापाराला नावाची गरज असते, कुतूहलाला नसते. याच संस्थेच्या १८०४ मधील मिरवणुकीत हिंदी थाटाचे कपडे घातलेल्या कृष्णवर्णीयांनी पालखी वाहिली, हे बेंटलीनेच टिपले आहे आणि त्यात त्याला काही खटकलेले दिसत नाही.

म्हणून त्याला निर्दोष उदारमतवादी ठरविण्याची घाई करू नये. कॅथलिक धर्मगुरूंशी तो सौजन्याने वागे, परंतु बॅप्टिस्ट आणि पुनरुज्जीवनवादी प्रचारकांविषयी त्याची लेखणी विखारी होते. ज्यांच्याकडे शिक्षण नव्हते पण उत्कटता होती, अशांचा धर्म त्याला समजलाच नाही. दुसरीकडे, १७८८ साली एका प्रतिष्ठित व्यापाऱ्याला माणसे विकण्यात काहीच संकोच वाटत नाही, हे त्याने संतापाने लिहिले. १७९८ साली जेडिडाया मॉर्स याने ‘इल्युमिनाटी’च्या गुप्त कटाची आवई उठविली, तेव्हा भोवतालचा बहुतेक पाळकवर्ग विरुद्ध असताही बेंटली उघडपणे तिच्याविरुद्ध उभा राहिला.

हार्वर्डने त्याला डॉक्टर ऑफ डिव्हिनिटी ही पदवी दिली ती १८१९ साली, म्हणजे अगदी अखेरीस. त्याच वर्षी २९ डिसेंबरला तो वारला. ग्रंथसंग्रह मात्र हार्वर्डला मिळाला नाही. अभिजात आणि धर्मविषयक ग्रंथ पेनसिल्व्हेनियातील नव्या अलेगेनी कॉलेजाला, तर जर्मन ग्रंथ, हस्तलिखिते आणि चित्रे वूस्टरच्या अमेरिकन अँटिक्वेरियन सोसायटीला, अशी वाटणी त्याने मृत्युपत्रात केली होती. रोजनिशी एसेक्स इन्स्टिट्यूटने १९०५ ते १९१४ या काळात चार खंडांत छापली. रविवारच्या चिठ्ठ्यांतील नावे जहाजांच्या नोंदवह्यांशी ताडून पाहण्याचे काम या खंडांच्या आधारे हाती घेता येण्याजोगे आहे.