कातळावरची हिरवळ

डोळे मिटून चालू नका, इथं पाय जपावे लागतात. सुमारे १७०० वर्षांपूर्वीचा मेक्सिको. शित्ले नावाचा बुटका ज्वालामुखी ओकतोय आणि क्विक्विल्कोच्या गोल पिरॅमिडचा पायथा लाव्ह्यात बुडत चाललाय. तो थिजेपर्यंत थांबायचं कारण नाही. थेट १९५१ मध्ये उतरा.

कातळ तोच. सह्याद्रीत वाढलेल्यांना बेसॉल्ट नवा नाही, पण हा भेगाळ, धारदार, चपलेचा तळ खाणारा. निवडुंग, सरडे, मधूनच खुळखुळ्या साप. हातोड्यांच्या गजरात राष्ट्रीय विद्यापीठाचं नवं नगर उभं राहतंय. आराखडा मारिओ पानी आणि एन्रिके देल मोराल यांचा. त्याची बीजकल्पना मात्र तेओदोरो गोन्सालेस दे लेओन आणि त्याच्या दोन सोबत्यांची. तेव्हा तिघंही विद्यार्थीच!

आराखड्यावर जरा वाका. मोटारींचे रस्ते वळसे घेत कडेकडेनं जातात, आत शिरत नाहीत. जमीन उतरते तसे ओटे आणि पायऱ्या उतरतात. बांधांना दगड इथलाच. इमारती शंभरावर वास्तुविशारदांत वाटल्या गेल्या आणि प्रत्येकानं आपापली हौस भागवून घेतली. मधलं विस्तीर्ण आवार तेवढं रिकामं राहिलं. एवढे वास्तुविशारद हाताशी असताना ते रिकामं राहिलं, याचंच मला जास्त कौतुक वाटतं.

वर्षभर पुढं सरका. मातीचे भराव घालून विवरासारखं स्टेडियम झालंय आणि त्याच्या उतरत्या भिंतीवर दिएगो रिव्हेरा रंगीत दगडांचं उठावचित्र करतोय. (याच रिव्हेरानं कधीकाळी आपल्या वर्ध्याच्या पांडुरंग खानखोज्यांना भित्तिचित्रात बसवलं होतं, खानखोजे तेव्हा मेक्सिकोत शेतकी शिकवत.) पलीकडे हुआन ओ'गॉर्मननं देशभरातून दगड गोळा केलेत, ग्रंथालयाच्या भिंती मढवायला.

१९६८ मध्ये फार रेंगाळू नका. १८ सप्टेंबरच्या रात्री विद्यार्थ्यांचं आंदोलन मोडायला लष्कर आवारात घुसतं, विद्यार्थी-प्राध्यापकांची धरपकड होते. आवाराला कुंपण नाहीच; असतं तरी रणगाडे अडले नसते म्हणा. २४ दिवसांनी समोरच्या स्टेडियममध्ये ऑलिम्पिकचं उद्घाटन!

आता आजचा रविवार. इन्सुर्खेन्तेस हमरस्त्यावर बसमधून उतरा. खिशातलं ओळखपत्र चाचपू नका, पायी येणाऱ्याला इथं कुणी हटकत नाही. रेक्टरच्या मनोऱ्याखालच्या पायऱ्या उतरलात की 'लास इस्लास', म्हणजे बेटं: तीच रिकामी राखलेली जागा. ज्यांचं कुणी या विद्यापीठात शिकत नाही अशी कुटुंबंही चादरी अंथरून जेवतायत. पोरं चेंडूमागे, कुत्री पोरांमागे. हिरवळीत मधेमधे काळा कातळ डोकं काढतो, त्यावर जोडपी बसलेली. लाव्ह्यावरची मूळची झाडोऱ्याची दुनिया बघायची तर दक्षिणेकडे जा. १९८३ मध्ये राखीव केलेलं तिथलं क्षेत्र आज २३७ हेक्टर आहे. तिथं मात्र चादर अंथरायला मनाई.