दिनविशेष : १५ जानेवारी
एका वर्षात चार सम्राट

इ.स. ६९. रोमच्या फोरममध्ये, भर चौकात, म्हाताऱ्या सम्राट गाल्बाला आजच्या दिवशी त्याच्याच सैनिकांनी कापून काढले. त्याच्या नावाने कबूल झालेली बक्षिसी तो देईना. चिक्कूपणा जिवावर बेतला. टक्कल असल्याने शिर केसांनी धरता येईना, म्हणून मारेकऱ्याने तोंडात अंगठा खुपसून ते गादीवर डोळा असलेल्या ओथोकडे नेले, असे रोमन चरित्रकार सुएटोनिअस लिहितो. त्याला असल्या तपशिलांची भारी हौस! ओथो त्याच दिवशी सम्राट झाला आणि लढाई हरल्यावर १६ एप्रिलला त्याने आत्महत्या केली. मग खादाड व्हिटेलिअस. डिसेंबरात तोही मारला गेला. चौथा व्हेस्पेशियन मात्र दहा वर्षे टिकला. रोमचे कोलोसियम त्यानेच बांधायला घेतले.