हजर, गैरहजर

पाथर्डी तालुक्यातल्या तिसगावच्या शाळेत गुरुजी हजेरी घेऊ लागले की पोरं ‘हजर’ म्हणतात. शब्द अरबी, ‘हाजिर’ म्हणजे समोर असलेला. फारसीच्या वाटेने तो मराठी दप्तरात शिरला. हुजूर, हुजऱ्या, हजरत ही सगळी त्याचीच भावकी. पुण्यात पेशव्यांची घोडी बांधायची हुजूरपागा होती. 1884 साली निघालेली मुलींची शाळा आज त्याच नावाने ओळखली जाते.

पण खरी गंमत हजेरीपटावरच्या आडनावांत. तांबोळी या भागात बहुधा मुसलमान, आणि शब्दाचं मूळ संस्कृत ‘तांबूल’! उलट पारसनीस हिंदू, नि मूळ ‘फारसीनवीस’. आडनावावरून माणूस जोखणाऱ्या मास्तरांची इथे दांडी गुल.

शेजारी मढीला कानिफनाथांच्या यात्रेत गाढवांचा बाजार भरतो, भटक्या जमातींची पालं पडतात. पालावरच्या पोराचं नाव कुठल्या गावच्या पटावर घालायचं?

दिवाळी सरली की तालुक्यातली कुटुंबं ऊसतोडीला कारखान्यांवर जातात. सोबत गेलेल्या पोरांच्या नावापुढे ‘गैरहजर’ पडतं. त्यातला ‘गैर’सुद्धा अरबीच, मूळ अर्थ ‘दुसरा, परका’.