उन्हाळ्यात ट्रकला कोणतं इंजिन ऑईल? ‘जाड ते चांगलं’ हा हिशेब का चुकतो

एप्रिल-मे लागला की सोलापूर, कलबुर्गी, हैदराबाद, ग्वाल्हेर या पट्ट्यात पारा चाळिशी ओलांडतो. बेळगाव-निपाणीहून माल भरून निघालेला ट्रक एका रात्रीत त्या उन्हात जाऊन पोहोचतो. अशा वेळी गॅरेजमध्ये एक सल्ला हमखास मिळतो, ‘ऊन वाढलंय, जरा जाड ऑईल टाका.’ मग १५डब्ल्यू-४० काढून २०डब्ल्यू-५० भरलं जातं. सल्ला देणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण इंजिनाला तो मानवेलच असं नाही. एक-दोन गाड्यांवर घर चालवणाऱ्या मालकासाठी ही साधी गोष्ट नाही. इंजिन बसलं तर कामाचा खर्च वेगळा, गाडी उभी राहिल्याचा तोटा वेगळा, आणि कर्जाचा हप्ता काही थांबत नाही.

डब्यावरचे दोन आकडे

१५डब्ल्यू-४० मधला ‘१५डब्ल्यू’ हा थंडीतला आकडा आहे. डब्ल्यू म्हणजे विंटर. १५डब्ल्यू ऑईलची थंडीतली चाचणी उणे २० अंशांना होते. ग्वाल्हेरच्या जानेवारीतली पहाटसुद्धा त्याच्या जवळपास जात नाही, त्यामुळे आपल्याकडे १५डब्ल्यू बारा महिने पुरतं.

‘४०’ हा आकडा ऑईल १०० अंश सेल्सियसला किती जाड राहतं ते सांगतो. हा बाहेरच्या हवेचा आकडा नाही, हे लक्षात ठेवायला हवं. ‘४०’ म्हणजे चाळीस अंशांच्या उन्हासाठी आणि ‘५०’ म्हणजे पन्नास अंशांसाठी, अशी समजूत बऱ्याच ठिकाणी आहे. ती चुकीची आहे.

बाहेरचं ऊन आणि इंजिनातली उष्णता

थर्मोस्टॅट आणि रेडिएटर मिळून इंजिनातलं पाणी साधारण ८० ते ९५ अंशांवर धरून ठेवतात. ऑईल शंभराच्या आसपास तापतं, चढावर त्याहून जास्त. पिस्टनच्या रिंगांजवळ तर तापमान दोनशेच्याही वर जातं. म्हणजे बाहेर ३० अंश असोत की ४४, कूलिंग ठीक असेल तर ऑईलच्या तापमानात तेवढा फरक पडत नाही. इंजिन बनवणाऱ्यांनी ऑईलची जाडी ठरवताना ही उष्णता धरलेलीच असते.

खरी अडचण कूलिंग कमी पडतं तेव्हा येते. चोर्ला किंवा अनमोड घाट भरल्या गाडीने चढताना इंजिनावर पूर्ण ताण असतो, गाडीचा वेग कमी असतो, समोरून वारा मिळत नाही. त्यात रेडिएटरच्या जाळीत उसाचा पाला, भुसा किंवा खाणीची लाल धूळ बसलेली असेल, फॅनचा पट्टा सैल असेल, तर ऑईल भलतंच तापतं. अशा वेळी जाड ऑईल भरणं म्हणजे ताप आलेल्याला आणखी एक घोंगडी घालणं. आधी रेडिएटर साफ करून घ्यावा, कूलंटची पातळी बघावी आणि पट्टा तपासावा.

जास्त जाड ऑईलने काय होतं

थंड इंजिन सुरू केल्यावर जाड ऑईल बेअरिंग आणि टर्बोपर्यंत उशिरा पोहोचतं. बेअरिंगमधून ते कमी वाहतं, त्यामुळे तिथली उष्णताही कमी वाहून नेतं. ऑईल फिरवायलाच इंजिनाची ताकद जास्त लागते आणि डिझेल थोडं जास्त जातं. मीटरवर प्रेशर मात्र चांगलं दिसतं आणि चालकाला वाटतं सगळं ठीक आहे.

जुनं, ऑईल खाणारं इंजिन असेल तर जाड ऑईलने खप आणि आवाज काही दिवस कमी होतो, हे खरं. पण झिजलेल्या रिंगा त्याने भरून येत नाहीत. निळा धूर येत असेल तर ते काम मिस्त्रीचं आहे.

गाडीच्या पुस्तिकेत २०डब्ल्यू-५० ला परवानगी असेल तर ते वापरायला हरकत नाही. बहुतेक पुस्तिकांत कोणत्या हवेला कोणतं ऑईल याचा तक्ताच असतो. शेवटचा शब्द त्या तक्त्याचा.

बीएस-४ की बीएस-६? ग्रेड वेगळी

जाडीइतकीच महत्त्वाची आहे एपीआय ग्रेड. डिझेल इंजिनाची ग्रेड ‘सी’ या अक्षराने सुरू होते. जुन्या गाड्यांना सीएफ-४ किंवा सीएच-४ चालत असे. बीएस-४ ट्रकला साधारणपणे सीआय-४ प्लस लागतं.

१ एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-६ ट्रकच्या सायलेन्सरमध्ये बहुधा काजळी अडवणारी गाळणी असते. तिला डीपीएफ म्हणतात. ऑईल जळल्यावर उरणारी राख या गाळणीत साचते. काजळी जाळून टाकता येते, राख जळत नाही. म्हणून या गाड्यांना कमी राखेचं सीके-४ किंवा कंपनीने पुस्तिकेत सांगितलेलं ऑईल लागतं. सीके-४ मध्ये राखेचं प्रमाण १ टक्क्याच्या आत ठेवावं लागतं. जुन्या गाडीचं उरलेलं ऑईल नव्या गाडीत ओतलं तर दोन-चार हजार वाचतील, पण गाळणी तुंबली की त्याच्या कितीतरी पट जातील.

सीके-४ जुन्या सीआय-४ गाडीलाही चालतं. एफए-४ नावाची ग्रेड मात्र मुद्दाम पातळ बनवलेली आहे. पुस्तिकेत तिचं नाव नसेल तर ती भरू नये.

काही नव्या ट्रकना कंपनीच १०डब्ल्यू-३० सांगते. ‘आपल्या उन्हात हे पातळ पडेल’ म्हणून ते बदलायची गरज नाही. ते इंजिन त्याच ऑईलवर बेतलेलं असतं.

उष्णतेचा खरा फटका: आयुष्य

ऑईल जितकं तापतं तितकं लवकर जुनं होतं. तापमान दर दहा अंशांनी वाढलं की ऑईल सडण्याचा वेग साधारण दुप्पट होतो, असा ढोबळ नियम आहे. म्हणून उन्हाळ्यात ग्रेड बदलण्यापेक्षा बदलण्याची वेळ पाळणं महत्त्वाचं.

पुस्तिकेत दिलेले किलोमीटर चांगल्या हायवेसाठी असतात. खाण, क्रशर, घाट, साखर कारखान्याबाहेरची लांब रांग, या कामांसाठी ‘कठीण वापर’ म्हणून वेगळं, कमी अंतर दिलेलं असतं. रांगेत इंजिन चालू ठेवून तासन्‌तास उभ्या राहिलेल्या गाडीचे किलोमीटर वाढत नाहीत, पण ऑईल वापरलं जातंच. टिपरवाल्यांनी किलोमीटरऐवजी तास मोजावेत. ऑईलबरोबर फिल्टर बदलावाच, आणि धुळीच्या कामात एअर फिल्टरकडे रोज बघावं.

काडी काय सांगते

गाडी सपाट जागी लावून, इंजिन बंद करून दहा मिनिटांनी काडी काढावी. पातळी दोन खुणांच्या मध्ये हवी. वरच्या खुणेपेक्षा जास्त भरलं तर क्रँक ते घुसळतो आणि फेस होतो.

ऑईल काळं दिसलं म्हणून ते खराब झालं असं नाही. डिझेल इंजिनाची काजळी ते पोटात धरून ठेवतं म्हणून काळं होतं. चहासारखं दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय. न भरता पातळी वाढली आणि डिझेलचा वास आला तर डिझेल मिसळतंय. या दोन्ही वेळी गाडी पुढे न्यायची नाही.

घेताना आणि काढताना

मोठ्या ट्रकला वीस लिटरच्या आसपास ऑईल लागतं. लिटरमागे शंभर रुपये स्वस्त मिळालं तर दोन हजार वाचतात, आणि नकली माल खपतो तो याच मोहावर. सील बघून घ्यावं, पक्कं बिल घ्यावं, आणि रिकाम्या डब्याचं लेबल फाडून झाकणाला भोक पाडावं, म्हणजे तो डबा पुन्हा भरून विकला जात नाही. काढलेलं काळं ऑईल गटारात ओतू नये. कायद्याने तो घातक कचरा आहे आणि तो परवानाधारक घेणाऱ्यालाच द्यायचा असतो.

थोडक्यात:
• जाडी आणि ग्रेड पुस्तिकेप्रमाणे; बहुतेक बीएस-४ ट्रकना १५डब्ल्यू-४०, सीआय-४ प्लस.
• बीएस-६ ला सीके-४ किंवा कंपनीने सांगितलेलंच.
• उन्हाळ्याआधी रेडिएटर, कूलंट, पट्टा तपासणं.
• घाट, धूळ, लांब रांगा असतील तर ऑईल लवकर बदलणं.
• वाटेत भर घालावी लागली तर त्याच ग्रेडचं ऑईल मिळावं म्हणून एक छोटा डबा केबिनमध्ये ठेवणं.