उघडीप आणि वीस मिनिटं

लोणावळ्यात मी लाइटची कामं करतो. बंगल्यांची, सोसायट्यांची, दोन-चार जुन्या पारशी वास्तूंचीही. अलीकडं सगळ्यात जास्त बोलावणं येतं ते बाथरूमच्या एक्झॉस्ट फॅनला टायमर बसवायला. जागा सरळ असेल तर तासाभराचं काम. पण हे काम आमच्या मुलखात कुठून आलं ते सांगावं असं मला फार दिवस वाटतंय. त्याच्या मागं हवेची एक जुनी समज आहे आणि विजेचा एक जुना हिशोबही आहे, जो मावळाच्या बाजूनं अजून पुरता चुकता झालेला नाही.

आधी हवेचं. कार्ल्याचं चैत्यगृह बघायला आलेला माणूस खांबांवरचे हत्ती बघतो, स्तूप बघतो. माझी नजर छताकडं जाते. दगडी कमानीखाली सागवानी फासळ्या आहेत आणि त्या मूळच्या आहेत. स्तूपावरची छत्रीसुद्धा लाकडाचीच. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, कार्ला तिथून दहा-बारा किलोमीटरवर, आणि तिथं सुमारे दोन हजार वर्षं लाकूड उभं आहे. माझ्या बंगल्यांमधली प्लायवूडची कपाटं पाच पावसाळ्यांत फुगतात. कार्ल्याला वर डोंगराचा दगड आहे, थेंब आत येत नाही. पण नुसत्या छपरानं लाकूड टिकत नाही. समोरची ती मोठी पिंपळपानी खिडकी आत उजेड सोडते तशी हवाही सोडते, आणि हवा अडून राहत नाही, हे दुपारी स्तूपापाशी उभं राहिलं की अंगाला कळतं. लाकूड टिकण्यात त्या खिडकीचा वाटा मोठा आहे असं मी मानतो. तिथल्या शिलालेखांत वैजयंतीच्या भूतपाल शेठजीचं नाव आहे, तसंच धेनुकाकटच्या सामी नावाच्या सुताराचंही आहे, वेणुवासाचा मुलगा, दाराचं काम करणारा. कारागिराचं नाव दगडात राहिलं याचा मला दर वेळी आनंद होतो.

आमचं घर पवन मावळात. दगडी जोतं, कुडाच्या भिंती, वर मंगलोरी कौलं. ही कौलं बासेल मिशननं १८६५ साली मंगळूरला करायला सुरुवात केली आणि हळूहळू सगळ्या पश्चिम किनाऱ्यावर आणि घाटमाथ्यावर पसरली. गवती छपराच्या जागी ती आली तरी घराची रीत बदलली नाही. कौलांच्या सांध्यांतून धूर बाहेर जायचा. चूल पावसाळाभर विझत नसे आणि तिच्या उबेनं माळ्यावरचं भात, बियाणं, वासे सगळं कोरडं राहायचं. न्हाणी घराच्या मागं, पडवीच्या टोकाला. एक दगड, बाजूला पाण्याचं हंडं, तीन बाजूंना आडोसा, वरचा भाग मोकळा. वाफ तिथं थांबतच नसे. पश्चिमेच्या भिंतीला मृगाच्या आधी भाताच्या पेंढ्याचा आडोसा बांधायचे, कारण आमच्याकडं पाऊस वरून कमी आणि बाजूनं जास्त येतो.

यात आजीचा एक कडक नियम होता. झड लागलेली असताना खिडकी उघडायची नाही. हवा कोंदली, जीव घुसमटला तरी नाही. आणि उघडीप पडली, चार बोटं ऊन आलं, की मात्र हातातलं काम टाकून सगळी दारं-खिडक्या सताड उघडायच्या, वाकळा बाहेर काढायच्या, आणि ऊन गेलं की तितक्याच घाईनं बंद करायच्या. बाहेरची हवा नेहमीच चांगली असते असं ती मानत नव्हती. ती कधी घ्यायची आणि किती वेळ घ्यायची, हा सगळा प्रश्न होता. पुढं मी हे गणितात पाहिलं तेव्हा तिचं बरोबर निघालं. ते पुढं सांगतो.

खंडाळा ते पुणे रेल्वे १८५८ साली सुरू झाली, आणि बोरघाटाचा चढ १८६३ साली पुरा झाल्यावर मुंबईहून गाडी सरळ वर येऊ लागली. त्यामागून बंगले आले. साहेबांचे, पारशी शेठ लोकांचे. मी अशा काही घरांची वायरिंग बदलली आहे. उंच छप्पर, छताजवळ दोरी ओढून उघडायचे झरोके, दारांना लाकडी पट्ट्यांच्या झडपा. न्हाणीघर मागल्या बाजूला, त्याला बाहेरून वेगळं दार. त्या घरांना वास येत नाही. मालक येण्याआधी माळी सकाळी झरोके उघडायचा, पाऊस दिसला की दोऱ्या सोडायचा. म्हणजे इथंही वेळ सांभाळायला माणूस होताच.

आता विजेचं. हे मला सावकाश सांगू द्या.

मावळच्या पावसावर मुंबईच्या गिरण्या चालवायची कल्पना जमशेटजी टाटांच्या काळातली, त्यात डेव्हिड गोस्टलिंग या इंजिनीयरचाही हात. जमशेटजी १९०४ साली गेले. १९१० साली टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक कंपनी निघाली आणि १९११ च्या फेब्रुवारीत गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांच्या हस्ते लोणावळ्यात पायाभरणी झाली. वळवण, लोणावळा आणि शिरोता अशी तीन तळी बांधली. इंद्रायणीचं आणि तिच्या ओढ्यांचं पाणी, जे एरवी देहू-आळंदीच्या वाटेनं पूर्वेला गेलं असतं, त्यातलं पुष्कळ अडवून, पाइपांतून पाचशे मीटरहून जास्त खाली, कोकणात खोपोलीला सोडलं. १९१५ च्या फेब्रुवारीत खोपोलीचं वीजघर सुरू झालं आणि करंट सत्तरेक किलोमीटर तारांवरून परळला गेला. घाट उतरणारे ते पाइप आजही खोपोलीकडून दिसतात. माझ्या धंद्यातल्या माणसानं ते एकदा तरी थांबून बघावेत. त्या काळात इतक्या उंचीवरून पाणी पाडून एवढ्या दाबाची लाइन ओढायची, हे फार मोठं काम होतं आणि ते इथल्या मातीत झालं.

मग आंद्रा नदीवर ठोकळवाडीचं धरण आणि १९२२ साली भिवपुरी. मग मुळशी. तिथं मावळ्यांनी १९२१ च्या रामनवमीला सत्याग्रह सुरू केला. विनायकराव भुस्कुटे आणि सेनापती बापट पुढं होते. गावं, भातखाचरं, देवळं पाण्याखाली गेलीच, आणि भिऱ्याचं वीजघर १९२७ साली चालू झालं. त्यानंतर दोन-तीन वर्षांतच कल्याण ते पुणे रेल्वे विजेवर धावू लागली, तीही रेल्वेच्या स्वतःच्या ठाकुर्लीच्या वीजघरातून. १ जून १९३० ला डेक्कन क्वीन निघाली. म्हणजे आमच्या डोक्यावरून एका बाजूला गिरण्यांची तार गेली, दुसऱ्या बाजूला गाडीची. पवन मावळातल्या आमच्या गावात मात्र पहिला दिवा लागला तो माझ्या लहानपणी, राज्य वीज मंडळ १९६० साली स्थापन झाल्यावरही बऱ्याच वर्षांनी. तोवर आई चिमणीच्या उजेडात भाकऱ्या थापायची, आणि तिथून डोंगर चढून गेलं की रात्री मुंबईच्या बाजूला आभाळ उजळलेलं दिसायचं. पाणी आमचं होतं. हे मी रागानं लिहीत नाही, पण ते लिहिल्याशिवाय मावळातल्या विजेचा इतिहास पुरा होत नाही.

लोणावळ्यातल्या जुन्या घरांत मी पहिल्यांदा काम केलं ते लाकडी पट्टीवरच्या वायरिंगवर. पितळी क्लिपा, चिनी मातीचे कटआउट, काळे गोल स्विच जे खाली पाडले की खटकन वाजायचे. त्या घरांच्या बाथरूममध्ये एक चाळीसचा बल्ब असायचा, बस. पंख्याची गरजच नव्हती, झरोका होता. गरज पडली ती स्लॅब आल्यावर. सपाट स्लॅब, छतापर्यंत टाइल्स, अॅल्युमिनियमची सरकती खिडकी, गीझर, शॉवर. वाफ वाढली आणि तिची वाट बंद झाली. २००२ मध्ये द्रुतगती मार्ग पुरा झाला, शनिवार-रविवारचे बंगले झपाट्यानं वाढले, आणि हे बंगले सोमवार ते शुक्रवार कुलूपबंद. ओलीला याहून सोयीची जागा नाही. छताच्या कोपऱ्यात काळे ठिपके, मग पोपडे, मग कपाटातल्या चादरींना वास. लोक म्हणाले पंखा लावा. लावले. मग लोक तो चालू ठेवून पुण्या-मुंबईला निघून जाऊ लागले, आणि पंखे आठवडाभर फिरत राहिले.

इथं ते गणित. जुलैत लोणावळ्यात बाहेरची हवा साधारण बावीस अंशांची आणि पाण्यानं जवळपास पूर्ण भरलेली. अशा एक घनमीटर हवेत सुमारे १९ ग्रॅम पाणी मावतं. गरम पाण्याच्या आंघोळीनंतर बाथरूममधली हवा पस्तीस अंशांची झाली असेल तर तिच्यात ४० ग्रॅमपर्यंत पाणी असतं. तेव्हा आंघोळ झाल्या झाल्या पंखा चालवला की चाळीसची हवा जाते, एकोणिसाची येते, फायदा मोठा. पण वाफ निघून गेल्यावरही पंखा चालूच राहिला तर तो एकोणीस काढतो आणि एकोणीस आणतो. वर घरातल्या दिव्यांनी, माणसांच्या उबेनं जी थोडी कोरडी झालेली हवा असते, तीही ओढून बाहेर टाकतो आणि तिच्या जागी झडीची हवा आत घेतो. म्हणून आमच्याकडं रात्रभर पंखा ठेवणं हे नुसतं बिल वाढवणं नाही, त्यानं घर ओलं होतं. झड लागलेली असताना खिडकी उघडू नकोस, असं आजी म्हणायची ते हेच.

वीस मिनिटं पुरतात. जुन्या लोकांकडं याच्या जवळपासचं माप होतंच. लग्नात मुहूर्त साधायला घटिकापात्र ठेवायचे. तळाला बारीक भोक पाडलेली तांब्याची वाटी पाण्यावर सोडायची, ती भरून बुडाली की एक घटका झाली, म्हणजे चोवीस मिनिटं. आपल्या टायमरमध्ये पाण्याच्या जागी करंट आहे. कंडेन्सर एका रोधातून हळूहळू भरतो, ठरावीक पातळीला आला की रिले सुटते आणि पंखा थांबतो. भोक लहान तर वाटी उशिरा बुडते, रोध जास्त तर पंखा उशिरा थांबतो. हे काम स्वस्तात करणारी ५५५ नावाची चिप हान्स कॅमेन्झिंड यांनी १९७१ साली आखली, आणि तेव्हापासून असे टायमर साध्या घरांना परवडू लागले.

बसवताना अडतं ते न्यूट्रलपाशी. चांगल्या टायमरला तीन वायरी लागतात: कायमची फेज, न्यूट्रल आणि दिव्याच्या स्विचमधून आलेली फेज. दिवा लावला की पंखा सुरू, दिवा बंद केला की मोजणी सुरू. जुन्या बोर्डात फक्त फेज येते आणि स्विचमधून ती वर जाते. न्यूट्रल वरच्यावर दिव्याला आणि पंख्याला गेलेली असते. मग काही जण दोन वायरीचा टायमर लावून मोकळे होतात. त्याचा थोडा करंट बंद असतानाही वाहत राहतो, एलईडी मिणमिणतो, लहान पंखा गुणगुणतो. मी टायमर छताजवळ, फॉल्स सीलिंगच्या आत पंख्याजवळ बसवतो. न्यूट्रल तिथंच असते, फक्त एक कायमची फेज ओढावी लागते. एमसीबी पाडून, टेस्टरनं दोनदा बघून, मगच हात घालायचा. ओल्या जागेच्या सर्किटवर आरसीसीबी नसेल तर मी ती आधी बसवायला सांगतो, आणि ऐकलं नाही तर काम घेत नाही. पंख्याचं भोक पश्चिमेच्या भिंतीत पाडू नये, पाऊस उलटा आत येतो. आणि दाराखाली बोटभर फट हवी. बंद खोलीतून पंखा हवा काढणार कुठून? पुष्कळ ठिकाणी पंखा बदलायला बोलावतात आणि मी दार खालून तासून घ्यायला सांगतो.

आता नवीन मागणी आली आहे ओलावा मोजणाऱ्या स्विचची. हवेत ओल ठरावीक टक्क्यांवर गेली की पंखा आपोआप चालू, खाली आली की बंद. कोरड्या गावात ती उत्तम वस्तू आहे, पुण्यात मी स्वतः सुचवीन. पण लोणावळ्यात जून ते सप्टेंबर ती सत्तर टक्क्यांवर लावली तर पंखा बंद व्हायचाच नाही, कारण बाहेरच नव्वदच्या वर असतं. एका बंगल्यात तसं झालं आणि पावसाळाभर पंखा फिरून मोटार गेली. तेव्हापासून तसा स्विच मागणाऱ्याला मी साधा टायमरच लावायला सांगतो. वीस मिनिटांवर पेच फिरवतो, माळ्याला तो पेच आणि उघडीप पडली की उघडायची खिडकी, दोन्ही दाखवतो, आणि दिवाळीत खिडक्या दिवसभर उघड्या राहू लागल्या की टायमर दहा मिनिटांवर आणायला सांगून निघतो.